विश्लेषण : उद्योगाची नोंदणी मोबाइलवर, मग मालाचे पैसे वेळेत का मिळत नाहीत?

घरच्या घरी चटण्या, मसाले, पापड करणाऱ्या महिलांपासून फॅब्रिकेशनच्या छोट्या शेडपर्यंत, देशातील सहा कोटींहून अधिक उद्योगांची नोंद ‘उद्यम’ आणि ‘उद्यम असिस्ट’ या दोन सरकारी मंचांवर झाली आहे. त्यातील बहुतांश सूक्ष्म गटातले आहेत. नोंदणी मोफत आहे, मोबाइलवर होते आणि त्यासाठी कोणत्याही कार्यालयाची पायरी चढावी लागत नाही. अडचणी त्यानंतर सुरू होतात. कायद्याच्या नजरेत हा धंदा कोणाचा, पैसा कोणत्या खात्यात जमा होतो आणि उधारीवर गेलेल्या मालाची तारीख कोणत्या कागदावर आहे, हे सुरुवातीलाच ठरले नाही तर पुढे बँक, करखाते आणि मोठा खरेदीदार या तिघांसमोरही छोटा उद्योजक अडतो.

‘उद्यम’ प्रमाणपत्र म्हणजे परवाना आहे का?

नाही. हा सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी म्हणजे आपण सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग आहोत, असे उद्योजकाने आधार आणि पॅनच्या आधारे केलेले स्वयंघोषणापत्र. त्याआधी २०१५ पासून ‘उद्योग आधार’ होते आणि त्याहीपूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात फॉर्म भरावे लागत. आता एका उद्योगाला एकच कायमस्वरूपी क्रमांक मिळतो आणि त्याचे नूतनीकरण लागत नाही. ज्यांच्याकडे पॅन किंवा जीएसटीची कागदपत्रे नाहीत अशा अनौपचारिक सूक्ष्म उद्योगांसाठी जानेवारी २०२३ मध्ये ‘उद्यम असिस्ट’ हा वेगळा मंच आला. या कामाला सरकारी शुल्क शून्य आहे. तरीही सरकारी वाटावे असे नाव आणि रंगरूप घेतलेली खासगी संकेतस्थळे याच नोंदणीसाठी हजार-दोन हजार रुपये उकळतात.

सूक्ष्म उद्योगाची व्याख्या १ एप्रिल २०२५ पासून बरीच रुंदावली आहे. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु, १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. म्हणजे मिक्सरवर चटणी वाटणारी बाई आणि नऊ कोटींची उलाढाल असलेला कारखाना आता एकाच रकान्यात बसतात. सूक्ष्म उद्योगांसाठीच्या योजनांत कोणाचा नंबर आधी लागणार, हा प्रश्न त्यातून निघतो.

समजा, सोलापुरातील एक महिला घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकते. ‘उद्यम’चा क्रमांक मिळाल्यावरही तिला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी लागेलच आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागेल. बंद पाकिटात माल विकायचा तर वैधमापन नियमांनुसार निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क लेबलवर असावा लागतो. घरगुती लाल सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो आणि तो खर्च पहिल्याच दिवसापासून भावात धरावा लागतो. राज्याचा व्यवसाय कर आहे, वार्षिक २,५०० रुपये. ‘गुमास्ता’ म्हणून ओळखला जाणारा दुकाने व आस्थापना कायद्याचा कागद मात्र पूर्वीसारखा जाचक राहिलेला नाही. राज्याच्या २०१७ च्या कायद्याने १० पेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना देऊन पावती घेण्याची सोय केली. ही मर्यादा २० कामगारांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला.

या कागदांचा पहिला उपयोग बँकेत होतो. एकल मालकीच्या धंद्याच्या नावाने चालू खाते उघडताना बँका साधारणपणे धंद्याचे दोन पुरावे मागतात. ‘उद्यम’ आणि गुमास्त्याची पावती ही त्यातली सहज मिळणारी जोडी.

एकल मालकी, भागीदारी की कंपनी?

बहुतेक जण हा प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत. धंदा सुरू होतो आणि तो आपोआप एकल मालकीचा ठरतो. त्यात वावगे काही नाही. वेगळी नोंदणी नाही, वेगळा पॅन नाही, मालकाचे उत्पन्न तेच धंद्याचे उत्पन्न. प्राप्तिकरात ठोक पद्धतीने नफा दाखवण्याची सोय आहे. दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीवर (रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत) बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या सहा टक्के आणि रोखीच्या आठ टक्के नफा धरला की हिशेबाच्या सगळ्या वह्या ठेवण्याची सक्ती राहत नाही. वर्षाला आठ-दहा लाखांची विक्री असलेल्या घरगुती उद्योगाला याहून सुटसुटीत काही नाही.

पण मालक आणि धंदा कायद्याने एकच असल्याने धंद्याचे देणे मालकाच्या घरापर्यंत पोहोचते. जीएसटीतही उलाढाल पॅनवर मोजली जाते. एकाच पॅनवर चटणीचा धंदा आणि साड्यांचा धंदा असेल तर दोन्हींची बेरीज होते. नावे दोन ठेवली म्हणून मर्यादा दोन मिळत नाहीत.

दोन मैत्रिणी किंवा दोन भाऊ एकत्र आले की बहुधा तोंडी भागीदारी होते. इथे १९३२ चा भागीदारी कायदा लागू होतो आणि त्यातील एक तरतूद फार महागात पडते. भागीदारी संस्थेची नोंदणी निबंधकांकडे केलेली नसेल तर करारातून आलेल्या हक्कासाठी तिला तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. म्हणजे माल उधार नेणाऱ्याने पैसे बुडवले तर तो नोंदणी नसलेल्या संस्थेवर दावा करू शकतो, संस्था त्याच्यावर करू शकत नाही. शिवाय प्रत्येक भागीदार संस्थेच्या सगळ्या कर्जाला जबाबदार असतो, केवळ आपल्या वाट्यापुरता नव्हे.

ही जबाबदारी मर्यादित ठेवायची तर एलएलपी किंवा कंपनी. एकट्या व्यक्तीलाही २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ‘एक व्यक्ती कंपनी’ काढता येते. मात्र कंपनीला उलाढाल कितीही कमी असली तरी लेखापरीक्षण सक्तीचे आहे आणि वार्षिक विवरणपत्रे उशिरा भरल्यास प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क चढत राहते. एलएलपीला उलाढाल ४० लाखांच्या आणि भागीदारांचे भांडवल २५ लाखांच्या आत असेपर्यंत लेखापरीक्षणाची सक्ती नाही. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ ही अक्षरे व्हिजिटिंग कार्डावर शोभतात, पण धंदा बंद पडल्यावरही कागदावर जिवंत राहिलेल्या कंपनीचे विलंब शुल्क कोणालाही शोभत नाही.

महाराष्ट्रात चौथी वाट जुनी आहे, समूहाची. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्या ‘लिज्जत’ची गोष्ट प्रेरणादायी भाषणांत नेहमी सांगितली जाते. त्यात एक भाग सहसा गाळला जातो. १९६६ मध्ये श्री महिला गृह उद्योगाची नोंदणी संस्था नोंदणी कायद्याखाली झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. पापड लाटणारी प्रत्येक बहीण मजूर नव्हे, तर सहमालक असेल आणि नफा-तोटा सगळ्यांचा असेल, हे त्या रचनेत आले. आज ‘उमेद’ किंवा माविमच्या बचत गटांतून पापड-मसाले करणाऱ्या महिलांपुढेही तोच प्रश्न आहे. बचत गट ही मुळात बचतीची आणि आपसांतील कर्जाची व्यवस्था. मोठ्या खरेदीदाराशी करार करताना सही कोणाची, पैसे कोणाच्या खात्यात आणि माल परत आला तर तोटा कोणाचा, याची उत्तरे गटाच्या ठरावाच्या वहीत आधीच लिहिलेली असावी लागतात. ती नसली की गटातील एखादीचे वैयक्तिक खातेच धंद्याचे खाते होऊन बसते आणि भांडणाला तिथून तोंड फुटते.

कर्नाटकातील यूपीआय नोटिसांनी काय दाखवले?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआय व्यवहारांच्या माहितीवरून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. चार आर्थिक वर्षांतील जमा रकमा बघून, ‘तुमची उलाढाल मर्यादेबाहेर आहे, मग नोंदणी का नाही?’ असे विचारले गेले. बेंगळूरुतील अनेक दुकानांवरचे क्यूआर कोड उतरले आणि ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. व्यापाऱ्यांचे म्हणणे होते की त्या रकमांत नातेवाइकांनी पाठवलेले पैसे होते, हातउसने घेतलेले होते आणि दूध-भाजीसारख्या करमुक्त मालाची विक्रीही होती. वाद चिघळल्यावर राज्य सरकारने करमुक्त मालावर कर नसल्याचे स्पष्ट केले आणि नोंदणी करणाऱ्यांकडून जुनी थकबाकी न घेण्याची भूमिका घेतली.

जीएसटीचा ढाचा देशभर एकच असल्याने या प्रकरणाचा अर्थ महाराष्ट्रातल्या दुकानदारालाही लागू आहे. वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड गल्ल्यावर चिकटवला की घरात येणारा प्रत्येक रुपया धंद्याचा वाटू शकतो आणि तो नाही हे सिद्ध करण्याचे काम मालकावर येते. चार वर्षांपूर्वी मेहुण्याने पाठवलेले ४० हजार कशाचे होते, हे सांगणारा कागद कोणाकडे असतो? वेगळे चालू खाते आणि त्याचाच क्यूआर कोड हा यावरचा साधा उपाय आहे.

केवळ वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण ही मर्यादा मोजताना करमुक्त माल वगळला जात नाही. निव्वळ पापडच विकणाऱ्याला नोंदणीची गरज नाही, कारण पापड करमुक्त आहेत. त्याने जोडीला करपात्र मसाले ठेवले की पापड आणि मसाले यांची बेरीज ४० लाखांशी ताडून पाहिली जाते. वस्तू दुसऱ्या राज्यात विकल्या तर मर्यादेचा फायदा सर्वसाधारणपणे मिळत नाही. त्यामुळे सोलापूरची चटणी विजापूरच्या किंवा हैदराबादच्या दुकानात पाठवताना पहिल्या खेपेपासूनच नोंदणी लागते, अंतर कितीही कमी असो. ऑनलाइन बाजारमंचांवर आपल्याच राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना ऑक्टोबर २०२३ पासून या सक्तीतून सवलत मिळाली आहे.

दीड कोटींपर्यंत उलाढालीसाठी एक टक्का कराची आपसमेळ योजना, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘कंपोझिशन’, सोपी आहे. पण ती घेणाऱ्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि त्याच्याकडून माल घेणाऱ्या दुकानाला कराची वजावट मिळत नाही. थेट ग्राहकाला विकणाऱ्यासाठी ही योजना बरी. सुपरमार्केटला माल द्यायचा तर खरेदी व्यवस्थापकाचा पहिला प्रश्न ‘रेग्युलर जीएसटी आहे का?’ हाच असतो.

कर्ज आणि अनुदानाने भांडवल भागते का?

सुरुवातीपुरते भागते. मुद्रा योजनेत तारणाशिवाय शिशु गटात ५० हजार, किशोरमध्ये पाच लाख, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. तरुण गटाचे कर्ज फेडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतचा ‘तरुण प्लस’ गट आला. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. शहरातील खुल्या गटाला सर्वांत कमी, ग्रामीण भागातील महिला व इतर विशेष प्रवर्गांना सर्वांत जास्त.

अनुदान या शब्दाने मात्र अनेकांची फसगत होते. ही रक्कम उद्योजकाच्या हातात पडत नाही. बँक ती त्याच्या नावाने तीन वर्षे मुदत ठेवीत ठेवते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळती करते. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हा फायदा खराच. पण पहिल्या महिन्यात शेंगदाणे आणायला ती उपयोगी पडत नाही.

आणि शेंगदाणे रोखीने येतात, हाच मुद्दा आहे. समजा, या चटणीच्या धंद्याने दुकानांना महिन्याला एक लाखाचा माल ९० दिवसांच्या उधारीवर दिला. कोणत्याही दिवशी तीन लाख रुपये बाहेर अडकलेले असतील. कच्चा माल, पाकिटे, गॅस आणि मजुरी मिळून खर्च ७० टक्के धरला तर त्यातले दोन लाख १० हजार तिने खिशातून आधीच घातलेले आहेत. शिशु गटाचे ५० हजार यात कुठेच दिसत नाहीत. ऑर्डर दुप्पट झाली की अडकलेली रक्कमही दुप्पट होते. तोटा नसताना, उलट विक्री वाढत असताना छोटे धंदे बुडतात ते असे. वहीत नफा दिसतो आणि किराणा घाऊक बाजारातला व्यापारी पुढचे पोते द्यायला नकार देतो.

४५ दिवसांचा कायदा काय सांगतो?

याच दुखण्यावर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात औषध आहे, आणि ते कागदावर बरेच कडक आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतलेल्या खरेदीदाराने लेखी करारात ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे. ही मुदत करारानेही ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. ‘आमच्याकडे ९० दिवसांची सिस्टीम आहे’ हे वाक्य दुकानदार कितीही आत्मविश्वासाने म्हणो, या कायद्यापुढे ते टिकत नाही.

मुदत टळली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. बँक दर साडेपाच टक्के धरला तर हे व्याज साडेसोळा टक्के. दोन लाखांचे बिल सहा महिने रखडले तर व्याजच सुमारे १७ हजार रुपये होते. वसुलीसाठी दिवाणी न्यायालयाऐवजी राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जाता येते. तिथे ऑनलाइन अर्ज करण्याची सोय २०१७ मध्ये ‘समाधान’ या संकेतस्थळाने सुरू झाली. परिषद आधी समेटाचा प्रयत्न करते, तो फसला तर लवादाची प्रक्रिया होते. निकाल विरोधात गेलेल्या खरेदीदाराला त्याला आव्हान देण्यासाठी आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

मुदत मोजायची कुठून, हा यातला कळीचा मुद्दा. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल पोहोचल्याचा दिवस हाच तो स्वीकारल्याचा दिवस मानला जातो. म्हणून चलनावरची पोच, म्हणजे तारीख, सही आणि दुकानाचा शिक्का, हा या सगळ्या कायद्याचा पाया आहे. व्यवहारात पोच घेतली जात नाही. टेम्पोवाला माल टाकून येतो आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘माल मिळाला का?’ एवढेच विचारले जाते. तो संदेशही जपून ठेवलेला बरा. पण शिक्क्याची सर त्याला नाही.

दुसरी पळवाट जाकडाची. ‘माल ठेवून जा, विकला गेला तर पैसे, उरला तर परत’ या बोलीवर दिलेला माल कायद्याने लगेच विक्री ठरत नाही. मुदत संपलेली पाकिटे सहा महिन्यांनी परत येतात आणि आधीच्या बिलातून वजा होतात. नव्या उत्पादकाला जाकड टाळता येत नाही, कारण अनोळखी ब्रँड कोणी रोखीने घेत नाही. परतीची मुदत आणि किती टक्के माल परत घेणार, हे पहिल्याच ऑर्डरवर लिहून घेणे मात्र त्याच्या हातात असते.

इतके असूनही पैसे का अडकतात?

कारण तक्रार करणारा पुढच्या ऑर्डरला मुकतो. कायद्याने खरेदीदारावर व्याज लादले, पण शेल्फवरची जागा त्याच्याच हाती ठेवली. एकूण विक्रीतील निम्मा माल एकाच सुपरमार्केटला जात असेल तर त्याच्याविरुद्ध परिषदेत जाणे म्हणजे धंद्याचा निम्मा भाग स्वतःहून तोडणे. त्यामुळे अर्ज बहुधा संबंध तुटल्यानंतरच होतात. तोवर बिले जुनी झालेली असतात आणि पोच हरवलेली. कायद्यात परिषदेला ९० दिवसांत निकाल देण्यास सांगितले आहे. प्रत्यक्षात प्रकरणे त्यापलीकडे रेंगाळतात.

शिवाय हे संरक्षण सर्वांना नाही. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून ‘उद्यम’मध्ये नोंदणी करता येते, पण तिचा उपयोग बँकेच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरता ठेवला आहे. चटणी बनवून विकणाऱ्याला ४५ दिवसांचा नियम लागू, तीच चटणी घेऊन पुढे विकणाऱ्याला नाही. दोघांच्या हातातील प्रमाणपत्र दिसायला सारखेच असते.

बिले वटवण्याचा एक आधुनिक मार्ग रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या ‘ट्रेड्स’ या मंचांचा आहे. पुरवठादार बिल तिथे टाकतो, खरेदीदार ते मान्य करतो आणि बँका त्यावर बोली लावून पैसे आधी देतात. पुढे खरेदीदाराने पैसे थकवले तरी ते पुरवठादाराकडून परत घेतले जात नाहीत. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर येण्यासाठी ३१ मार्च २०२५ ची मुदत देण्यात आली होती. यंत्राचे सुटे भाग मोठ्या कारखान्याला देणाऱ्या चाकण किंवा भोसरीतील वर्कशॉपसाठी हे कामाचे आहे. जिल्ह्यातील दोन-तीन दुकानांच्या साखळीला माल देणाऱ्यासाठी अजून नाही.

प्राप्तिकराच्या बडग्याचा परिणाम झाला का?

झाला, पण दोन्ही दिशांनी. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात ‘४३ बी (एच)’ ही तरतूद आणली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल १५ किंवा ४५ दिवसांच्या मुदतीत दिले नाही, तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजावट मिळते. याचा अर्थ मार्चअखेर थकवलेल्या बिलावर खरेदीदाराला कर भरावा लागतो. पुरवठादाराने तक्रार न करताही दबाव येतो, हे या तरतुदीचे बलस्थान.

२०२४ च्या पहिल्या तिमाहीत कापड व्यापारातून, विशेषतः सुरतेतून, उलट्या बातम्याही आल्या. लांब उधारीवर चालणाऱ्या या बाजारात काही खरेदीदारांनी ऑर्डर रद्द केल्या आणि नोंदणी नसलेल्यांकडे वळण्याची भाषा सुरू केली. ‘उद्यम’ नोंदणीच रद्द करावी का, असा विचार काही पुरवठादार करू लागले. व्यापारी संघटनांनी अंमलबजावणी पुढे ढकलण्याची मागणी केली. तरतूद टिकली. पण बाजारात ज्याची गरज जास्त त्याची पत कमी असते, तेव्हा संरक्षण देणारा कागदच पुरवठादाराला ओझे वाटू शकतो, हे त्यातून दिसले. मार्चमध्ये देणी चुकती करून एप्रिलपासून पुन्हा जुनी उधारी चालू ठेवण्याची वाटही मोकळीच राहिली.

मग नोंदणी केव्हा करावी?

पहिल्या उधारीच्या ऑर्डरआधी. अनेक जण पैसे अडकल्यावर ‘उद्यम’ काढतात आणि परिषदेकडे धाव घेतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ‘सिल्पी इंडस्ट्रीज’ प्रकरणात आणि २०२२ मध्ये ‘महाकाली फूड्स’ प्रकरणात स्पष्ट केले की नोंदणीचा लाभ पुढच्या व्यवहारांना मिळतो, नोंदणीपूर्वी झालेल्या पुरवठ्याला तो मागे जाऊन लावता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ‘एनबीसीसी’ प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने वेगळे मत मांडले. परिषदेकडे जाण्यासाठी आधीची नोंदणी ही पूर्वअट नाही, असा कायद्याचा अर्थ त्यांनी लावला, परंतु आधीच्या निकालांशी मेळ बसावा म्हणून विषय मोठ्या खंडपीठाकडे सोपवला.

सोलापूरच्या चटणीच्या धंद्यासाठी या न्यायालयीन वादाचा अर्थ इतकाच की ‘उद्यम’ प्रमाणपत्रावरची तारीख पहिल्या चलनावरच्या तारखेच्या आधीची असावी, आणि ‘उद्यम’ क्रमांक बिलावर ठळक छापलेला असावा. खरेदीदार कंपनी असेल तर ४५ दिवसांवर थकलेल्या अशा देण्यांचे सहामाही विवरण तिला कंपनी व्यवहार मंत्रालयाला द्यावे लागते. पुरवठादार सूक्ष्म उद्योग आहे हे आपल्याला माहीतच नव्हते, ही सबब तिला मग सांगता येत नाही.